कॉर्न स्नेकने अंडी घातलीत. घरी उबवताना ती रोज फिरवायची का?

अजिबात नाही, तो नियम कोंबडीच्या अंड्यांचा. सापाच्या अंड्यात गर्भ कवचाला आतून चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. म्हणून उचलण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सोडवू नका.

झाकणाच्या डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) घ्या. मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये. तापमान २७-२८ अंश, साधारण ६० दिवस. शेवटी अंडी पिचकतात, घाबरू नका. पिल्लू कवच चिरून नाक बाहेर काढतं आणि कधीकधी दिवसभर तसंच बसतं. ओढून काढायचा मोह टाळा. पहिली कात टाकल्यावरच खायला द्या.

आणि हो, पंधरा-वीस पिल्लं निघू शकतात. ती कोण सांभाळणार, हे आत्ताच ठरवा.