खापर काकूंकडे, कृती आईकडे

प्रिय मावशी,

माझं माहेर धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. सासर ठाण्याला. वय 46. आई 77 वर्षांची आहे. गेल्या दिवाळीपासून मी आमच्या घरच्या पदार्थांचं पुस्तक लिहायला घेतलंय. विकायला नाही, 50 प्रती छापून भाचरांना आणि पुतण्यांना द्यायच्या आहेत. पण तीन ठिकाणी अडलेय.

आईला प्रमाण विचारलं की म्हणते, "हातले कयस." हाताला कळतं. पुढे काही सांगत नाही.

दुसरं म्हणजे, आमच्या घरचे खापरावरचे (चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर भाजलेले) पुरणाचे मांडे, काळा मसाला, बिबडे (ज्वारीचे पापड) हे सगळं मुळात मोठ्या काकूंचं. 23 वर्षांपूर्वी शेताची आणि विहिरीची वाटणी झाली, कोर्टकचेरी झाली, तेव्हापासून बोलणं बंद आहे. काकू 82 वर्षांच्या आहेत, धुळ्याला मुलाकडे असतात. खापर त्यांच्याकडे राहिलं. आई आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तव्यावरच पोळ्या करते. पुस्तकात काकूंचं नाव घालते म्हटल्यावर आई म्हणाली, "तिचं नाव घालशील तर माझं काढून टाक." भाऊ म्हणतो, भांडणं कशाला, नुसत्या रेसिपी टाक.

तिसरं, 72च्या दुष्काळातल्या मिलोच्या (रेशनवरच्या लाल ज्वारीच्या) भाकरीबद्दल मला लिहायचंय. वहिनी म्हणते, एवढी गरिबी मुलांना कशाला दाखवायची? कधी वाटतं, सगळंच सोडून द्यावं.

– आखाजीची लेक, ठाणे

*

बाळा,

सोडू नकोस. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू ओघात लिहून पुढे गेलीस: खापर त्यांच्याकडे राहिलं. मी ते वाचून थांबले. आईनं 23 वर्षांत मांडे केलेले नाहीत, असाच त्याचा अर्थ ना? म्हणजे ज्या पदार्थासाठी तू पुस्तक लिहायला बसलीस, तो तुझ्या घरात आज कुणीच करत नाही.

मी खानदेशातली नाही, पण लग्नानंतर चार वर्षं आम्ही अमळनेरला होतो. शेजारच्या अंगणात आखाजीच्या आदल्या दिवसापासून धांदल असायची. गहू ओलवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करायचं. ती कणीक तिंबायला दोन बायका आलटूनपालटून बसायच्या. पुरणाचा गोळा आत भरून उंडा हातावर घेतला की तो वाढत वाढत मनगटावरून कोपरापर्यंत यायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. आणि चुलीवर उपडं घातलेलं ते काळं खापर. त्याच्यासमोर बसलेली बाई पऱ्हाटीच्या काड्या एकेक करून आत सरकवायची, जाळ कुठं लागतोय यावर नजर ठेवायची, मांडा भाजला की उचलून घडी घालायची. मांडा हातावर वाढवणारी आणि जाळ सांभाळणारी, या दोघी वेगळ्या असतात. एकटीनं मांडे करताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

तुमच्या घरात त्या दोघी कोण होत्या, ते तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं एक काकू होत्या आणि दुसरी तुझी आई. मग या कृतीतून काकूंना वगळलं तर आईचंही अर्धं काम पुसलं जाईल, आणि तुझ्या भाचरांनी ती वाचून मांडे करायला घेतले तर जाळाकडे कुणी बघायचं तेच त्यांना कळणार नाही.

म्हणून काकूंचं नाव घाल. यात मला शंका नाही. पदार्थ ज्या हातातून घरात आला तो हात लपवला, तर बाकीच्या पानांवरचं खरंही खोटं वाटायला लागतं. आज ना उद्या चुलतभावाच्या मुलांच्या हातात ते पुस्तक पडणार. आपल्या आजीचे मांडे दुसऱ्याच्या नावावर पाहून त्या पोरांना काय वाटेल?

पण आईच्या बोलण्याचाही विचार कर. "माझं काढून टाक" हे रागाचं बोलणं आहेच, पण मला त्यात भीती जास्त ऐकू येते. काकू वेगळ्या झाल्यावर सगळं घर तिनं एकटीनं ओढलं असणार. तव्यावर का होईना, सण तिनं चालू ठेवला. आता लेक पुस्तक लिहिते आणि त्यात चांगलं ते सगळं जावेचं निघतं. मग माझं काय, असं तिला वाटणारच. तिला आधी हे दिसू दे की पुस्तकात तिची स्वतःची पानं आहेत. कळण्याची भाकरी, पातोड्यांची भाजी, डुबुकवड्या, जे काही तिच्या हातचं म्हणून तुमच्या तोंडात आहे ते पहिलं लिही. लिहून झालं की तिला वाचून दाखव. पाच-सहा पानं अशी झाली की मगच मांड्यांकडे ये.

तेव्हाही भांडणाबद्दल विचारू नकोस आणि काकूंचं नाव तू काढू नकोस. एवढंच विचार: लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तू चुलीपाशी कुठं बसली होतीस? पहिला मांडा फाटला तेव्हा कोण काय म्हणालं? मग गप्प बस. सासुरवाशिणीला ज्या बाईनं पहिल्यांदा हाताला धरून काही शिकवलं, ती बाई विसरता येत नाही, पुढे वैर झालं तरी. ते नाव आईच्याच तोंडून आलं तर लिहायला तिची हरकत राहणार नाही. नाही आलं तर दोन-चार महिन्यांनी पुन्हा विचार. घाई फक्त काकूंच्या बाबतीत कर, 82 वर्षं थोडी नाहीत.

काकूंकडे जाच. पण आईच्या चोरून जाऊ नकोस. "मी मांडे विचारायला धुळ्याला जातेय, वाटणीबद्दल एक शब्द बोलणार नाही," असं तिला सांगून जा. ती रुसेल, दोन दिवस बोलणार नाही. मागाहून तिसऱ्याच कुणाकडून कळलं तर त्याहून वाईट होईल.

तुझ्या भावाचं निम्मं बरोबर आहे. विहीर कुणाची, कोर्टात कोण काय बोललं, हे या पुस्तकात नको. त्यात कुणाच्या माथी खापर फोडायचं नाही. "मोठ्या काकूंनी हे घरात आणलं, 23 वर्षांपूर्वी घरं वेगळी झाली, खापर त्यांच्याकडे गेलं, तेव्हापासून आई तव्यावर पोळ्या करते," एवढ्या चार गोष्टी पुरेत. त्यात एकही आरोप नाही आणि एकही लपवाछपवी नाही. छापण्याआधी हा मजकूर आईला आणि काकूंना, दोघींनाही वाचून दाखव. जिवंत माणसांबद्दल लिहिताना एवढं करायलाच हवं.

आता "हातले कयस."

याबाबतीत माझ्या मनात एक सल आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या सासूबाईंची निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आहे. 1965च्या आसपासची. अक्षर सुंदर. त्या होत्या तोवर मी ती उघडूनही पाहिली नाही, कारण विचारायला त्या समोर होत्या. त्या गेल्यावर उघडली तर पानोपानी लिहिलेलं, "बाकी नेहमीप्रमाणे." गोड्या मसाल्याच्या पानावर सात जिन्नस आणि खाली "बाकी नेहमीप्रमाणे". एका वड्यांच्या कृतीत "चार आण्यांची कोथिंबीर". त्या काळी चार आण्यांत किती जुड्या यायच्या हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. त्यांनी वही स्वतःसाठी लिहिली होती, त्यांना तेवढं पुरत होतं. विचारायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. त्या वड्या मला आजही जमत नाहीत.

म्हणून आईला प्रमाण विचारू नकोस, तिचा हात मोज. एक साधा वजनकाटा घे, एक-एक ग्रॅम दाखवणारा. आई स्वयंपाकाला बसण्याआधी तिखटाचा डबा, मिठाचं भांडं, तेलाची बुधली, पिठाचा डबा, सगळ्यांचं वजन लिहून ठेव. तिला हवं तसं करू दे, मध्ये बोलू नकोस. झालं की पुन्हा वजन कर. जे कमी झालं ते आईचं प्रमाण. एकाच पदार्थाचं असं तीनदा कर, कारण एखाद्या दिवशी मिरची नवी असते, एखाद्या दिवशी हात जड पडतो. तिन्ही आकडे लिही. "तिखट 18 ते 24 ग्रॅम" असं छापायला काहीच हरकत नाही, घरात तसंच होतं.

आई पायलीत किंवा शेरात बोलली तर तक्ता बघून गुणाकार करू नकोस. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हे आपण पाठ केलेलं असतं. पण पायली जागोजागी लहानमोठी असायची. शिवाय ते भरून मोजायचं माप, तोलायचं नव्हे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर हरभऱ्याची डाळ यांचं वजन सारखं भरत नाही. घरात जुनं मापटं असेल तर त्यातच जिन्नस भरून काट्यावर रिकामं कर.

काट्यावर न येणारं मात्र आईच्या शब्दांतच राहू दे. बिबड्यांचं पीठ शिजलं हे कशावरून ओळखते? मसाल्यातला कांदा-खोबरं किती काळं करते? तिला करताना बोलू दे आणि फोन शेजारी सुरू ठेव. ते बोलणं अहिराणीत असेल तर अहिराणीतच उतरव. "कयनानी भाकर" असं ती म्हणत असेल तर पानाच्या वर तेच नाव दे, खाली लहान अक्षरात कळण्याची भाकरी. तू ठाण्यात राहून प्रमाण मराठीत लिहितेस, ते ठीक आहे. पण आईचं वाक्य आईच्या बोलीत हवं. भाचरांपैकी ज्यांना देवनागरी वाचायला जड जातं त्यांच्यासाठी आवाजाची फाईल जपून ठेव, पानावर क्यूआर कोड देता येतो. छपाईचं सगळ्यात शेवटी बघ. 50 प्रती कुठलाही डिजिटल प्रेसवाला काढून देतो.

मिलोबद्दल मला तुझ्या वहिनीवर रागवावंसं वाटत नाही. जे लोक उपाशी राहिले तेच बहुतेक वेळा सांगायला लाजतात, आणि ही लाज घरातल्या सुनांकडेही येते. पण बाळा, ते लिहीच. 72 साली रेशनवर परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, मिलो, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी खाल्ली. दुष्काळी कामांवर बायका खडी फोडायला गेल्या, पोरांच्या हातात सुकडी पडली. तुझी आई तेव्हा जेमतेम 24 वर्षांची. त्या पिठाची भाकरी थापताना तिनं काय केलं? पीठ उकळत्या पाण्यात मळलं का? त्यात दुसरं काही मिसळलं का? कशाशी खाल्ली? हे ज्ञान आहे, पुरणाच्या मांड्यांइतकंच. हाताशी काहीच नसताना घराच्या पोटात दोन घास घालणं याला मोठं कसब लागतं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचं खाणं, ज्याला कुठल्याच पाककृतींच्या पुस्तकात जागा नव्हती ते, नाव घेऊन लिहून ठेवलं. त्यांच्या आणि तुमच्या घरच्या परिस्थितीची तुलना मी करत नाही. पण ते वाचून मला कळलं की छापील स्वयंपाकघरांत किती घरांची चूल कधी पेटलीच नव्हती.

वहिनीला एक काम सांगून बघ. आईकडून ती मिलोची आठवण तिनंच ऐकायची आणि तिनंच लिहायची. सासूच्या तोंडून ऐकल्यावर तिचं मत तेच राहील असं मला वाटत नाही. राहिलं तर ते पान तू लिही.

आणि काकूंनी दार उघडलंच नाही तर? किंवा उघडून "आता मला काही आठवत नाही" म्हणाल्या तर? तरीही मांड्यांचं पान पुस्तकात ठेव. वर काकूंचं नाव. खाली आईला आठवतं तेवढं. उरलेली जागा कोरी सोड आणि ती कोरी का आहे हे एका ओळीत लिही. खोट्या आकड्यांनी ती भरू नकोस, दुसरीकडची कृती आणून चिकटवू नकोस. पुढे चुलतभावाच्या घरातलं कुणीतरी ती भरेल कदाचित.

नवं खापर मात्र आत्ताच आणू नकोस. आधी धुळ्याला फोन कर, काकूंशी नाही जमलं तर चुलतभावाच्या बायकोशी बोल, आणि एवढंच विचार की ते जुनं खापर अजून शाबूत आहे का. वैशाखातल्या तृतीयेच्या आठ दिवस आधी जा, ऐन सणाला नको. सणाला त्यांच्या घरी लेकी आलेल्या असतील. जाताना आईच्या हातचे काही घेऊन जायला मिळालं तर बघ, तिनं दिलं तरच. वही, पेन, फोनचा चार्जर घे. वजनकाट्याचे सेल नवे घाल.

तुझी मावशी