चूक शोधणारा मुलगा आणि दीड लाखाचा कोर्स

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा २४ वर्षांचा, बी.एस्सी., भिवंडीत औषधांच्या गोडाऊनमध्ये एसएपीवर (कंपन्यांचा साठा आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बॅचच्या, म्हणजे एकत्र बनलेल्या औषधांच्या गटाच्या, एन्ट्र्या सांभाळतो. त्याने ही ‘हमालखान्यातली नोकरी’ सोडावी. एमपीएससी द्यावी, नाहीतर एफडी मोडून दीड लाखाचा एसएपी कोर्स करावा, असं तुमचं म्हणणं. पत्रात नातेवाईक चार वेळा आले. मुलाला काय हवंय, याची एकही ओळ नाही. मला काळजी वाटली ती याचीच.

‘एका आकड्यासाठी रात्री अकरापर्यंत थांबला’ ही तुमची तक्रार. तो प्रसंगही तुम्हीच लिहिलाय. पेटीवर बॅच नंबरच्या शेवटी ‘ओ’ होता, माल उतरवून घेताना कुणीतरी शून्य टाकलं. सिस्टीमने नवीच बॅच उघडली. बिल करताना खरा नंबर टाकला की स्टॉक नसल्याचा एरर, आणि पेट्या तर समोर रॅकवर! अशा वेळी बरेच जण दुसऱ्याच बॅचवर बिल फाडून गाडी सोडतात. याने मालासोबत आलेलं चलन, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि पेटी शेजारी-शेजारी ठेवून चूक पकडली आणि मंजुरी घेऊन स्टॉक खऱ्या बॅचवर वळवला.

साहेब, हे कारकुनी काम नाही. औषध तपासणीत नापास झालं की ते परत मागवलं जातं बॅच नंबरवरून. केंद्राची औषध नियंत्रण संघटना दर महिन्याला अशा औषधांची यादी काढते, तिच्यातही बॅच नंबर असतो. एकच बॅच सिस्टीममध्ये दोन नावांनी पडली असेल, तर अर्धा माल परत येतो आणि उरलेला दुकानात विकला जातो. तुमचा मुलगा त्या रात्री यासाठी थांबला होता.

आता कोर्स. सर्टिफिकेट हातात आलं की कन्सल्टंट झालो, हा गैरसमज मी दर आठवड्याला ऐकतो. क्लासमध्ये सरावाचा डेटा असतो, स्वच्छ आणि आज्ञाधारक. तिथे मुदत संपत आलेला माल कुणी आणून टाकत नाही, की स्टॉक शिल्लक असताना बॅचचं सेटिंग बदलायचा हट्ट धरत नाही. मुलाखतीत विचारतात ते हेच: एरर आला तेव्हा तू काय तपासलंस? याचं उत्तर त्याच्याकडे आजच आहे. एफडी मोडू नका. एसएपीच्या स्वतःच्या लर्निंग साइटवर बरंच मोफत आहे. त्याने प्रत्येक एररची वही ठेवावी: एरर, कारण, उपाय. वर्षभराने मास्टर डेटा (सिस्टीममधली मूळ माहिती सांभाळणारी) किंवा सपोर्ट टीममध्ये बदली मागावी. ईसीसी या एसएपीच्या जुन्या आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय. नव्या सिस्टीमवर डेटा नेताना कुठली बॅच खरी, हे ओळखणारी माणसं लागतात.

एमपीएससी त्याला स्वतःला हवी असेल तर जरूर द्यावी. तुमच्या मेहुण्यांना सांगायला बरं वाटावं म्हणून नको.

या रविवारी घरातली गोळ्यांची एखादी पट्टी त्याच्या हातात द्या आणि तिच्यावरचा बॅच नंबर चुकला तर काय होतं, ते त्याला सांगू द्या. मध्ये बोलू नका. पुढचं पत्र मला त्याच्याकडून येऊ दे.