फोटो आधी उलटा कर

मुली,

1937 च्या चीन-जपान युद्धावरच्या तुझ्या फलकासाठी फोटो एक, फोटोओळी दोन, आणि तुझा प्रश्न असा की खरी कोणती. बंदूकधारी जपानी शिपायांबरोबर चाललेल्या बायका नि पोरं. एक ओळ म्हणते, शेतावरून गावात परतताना शिपायांनी सोबत केली. दुसरी म्हणते, यांना पळवून नेताहेत. आणि तू दोन रात्री त्या बायकांचे चेहरे झूम करून बघत बसलीस! चेहऱ्यावरून काही कळत नाही गं. ऊन डोळ्यांवर आलं तरी माणूस तसाच दिसतो. फोटो उलटा कर. कागद हाताशी नसेल, तर तो पहिल्यांदा कुठे छापला ते शोध. तेही उलटं करणंच.

हा फोटो 10 नोव्हेंबर 1937 च्या ‘असाही ग्राफ’ या जपानी सचित्र साप्ताहिकात आला, शांघायजवळच्या बाओशान भागातला म्हणून. सोबतीची ओळ तिथली. पळवून नेण्याची ओळ 1938 मध्ये चिनी राष्ट्रवादी सरकारच्या बाजूने निघालेल्या पुस्तकात चढली. पुढे 1997 मध्ये एका जपानी इतिहासकाराने नानजिंगच्या कत्तलीवरच्या, म्हणजे जपानी सैन्याने त्या शहरात केलेल्या हत्याकांडावरच्या, पुस्तकात ती तशीच उचलली. चूक दाखवली गेल्यावर 1998 मध्ये त्याने माफी मागून फोटो बदलला. माणूस त्या विषयातला जाणकार, पण कत्तल झालीच नाही म्हणणाऱ्यांच्या हातात एका फोटोओळीने कोलीत दिलं.

आता लगेच ‘जपानी ओळ खरी’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. सप्टेंबर 1937 मध्ये जपानी लष्कराने वृत्तपत्रांना नियम घालून दिले. चिनी सैनिक किंवा नागरिक पकडताना, त्यांची चौकशी करताना छळ होतोय असं वाटेल तो फोटो छापायचा नाही. क्रूर फोटो नकोत, पण चिन्यांच्या क्रूरपणाबद्दलच्या मजकुराला हरकत नाही. या चाळणीतून सोबतीचा फोटो सहज पार होणार, दुसरा अडकणार. जे अडकले त्यांच्यावर ‘फुक्योका’, म्हणजे नामंजूर, असा शिक्का बसला. असे शिक्केवाले फोटो माइनिची वृत्तपत्राकडे उरले आहेत, आणि मला ते छापलेल्या फोटोंपेक्षा जास्त बोलके वाटतात. तेव्हा पहिली ओळ जुनी आहे, एवढंच म्हण. जुनी म्हणजे खरी नव्हे. फलकावर दोन्ही ओळी दे, कोणी कधी लिहिली ते दे, आणि थांब.

‘भावना पोहोचली की झालं’ असं तू लिहिलंस. नाही झालं. आमच्या पिढीने असेच फोटो डोळे मिटून छापले, मीही त्यातच. म्हणून आता किचकट म्हणतात मला. म्हणोत.

पाठ भक्कम असली, म्हणजे फोटो कुठून कोणाच्या हातून आला ते ठाऊक असलं, की काय होतं ते बघ. नानजिंग 13 डिसेंबर 1937 ला जपान्यांच्या हाती पडलं. जानेवारी 1938 मध्ये तिथल्या हुआदोंग फोटो स्टुडिओत एका जपानी अधिकाऱ्याने 120 आकाराच्या फिल्मचे दोन रोल धुवायला दिले. लुओ जिन हा तिथे उमेदवारी करणारा पोरगा. रोलमध्ये शिरच्छेद निघाले. त्याने गुपचूप जादा प्रिंट काढल्या, त्यातल्या 16 एका छोट्या वहीत चिकटवल्या. मुखपृष्ठावर सुरी खुपसलेलं काळीज काढलं आणि ‘लाज’ या अर्थाचं एकच अक्षर लिहिलं. वही एका मठाच्या शौचालयाच्या भिंतीत दडवली. ती वू शुआन नावाच्या दुसऱ्या तरुणाला सापडली, त्याने बुद्धमूर्तीखाली लपवली आणि 1946 मध्ये सरकारकडे दिली. तानी हिसाओ या सेनापतीवरच्या खटल्यात ती पुरावा ठरली. आज ती नानजिंगमधल्या ‘चीनचं दुसरं ऐतिहासिक अभिलेखागार’ या संस्थेत आहे. रोल, प्रिंट, वही, भिंत, मूर्ती, कोर्ट: एकही हात गाळलेला नाही.

तू ऑनलाइन घेतलेल्या त्या अकरा प्रिंटांना असं काहीच नाही. निदान कागदाला तरी विचार. दहा पट भिंगातून एकसारखे ठिपके दिसले तर ती छापील जाळी आहे, मासिकातून कापलेली. मग नोटा तपासायचा 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधारात मार. कागद निळसर पांढरा झळाळला तर त्यात ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालायचं रसायन, आहे. फोटोच्या कागदात ते 1950 च्या दशकापासून येऊ लागलं, म्हणजे ती प्रिंट 1937 ची नाही. फोटो मात्र एवढ्याने खोटा ठरत नाही, जुन्या निगेटिव्हवरून मागाहून काढलेली प्रिंट असू शकते. आणि झळाळला नाही म्हणून जुनाही ठरत नाही. इथेच नवखे घसरतात.

प्रिंटच्या पाठीवर साधा टॉर्च आडवा धर, पुसलेल्या पेन्सिलीचे दाब दिसतील. अल्बमचं काळं पान चिकटलेलं असेल तर ओलं करून सोडवू नकोस, त्याच्यासकटच स्कॅन कर. सालं सरळ वाचू नकोस: शोवा या जपानी कालगणनेच्या 12 मध्ये 1925 मिळव, चिनी प्रजासत्ताकाच्या 26 मध्ये 1911, मांचुक्वो या जपानने चीनच्या ईशान्येला उभ्या केलेल्या राज्याच्या कांगदे सालात 1933. पहिली दोन्ही 1937 च निघतात.

पुढची बाजू त्यानंतर. शिपायांची पदचिन्हं खांद्यावर की कॉलरवर? ती कॉलरवर आली 1938 च्या नव्या गणवेशात. कॉलरवर दिसत असतील तर ‘डिसेंबर 1937’ खोड. रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरताना ओढायचा दांडा, शिपायाच्या डाव्या बाजूला दिसला तर निगेटिव्ह उलटी छापली आहे. सावल्या मोज. डिसेंबरच्या मध्यात नानजिंगला ऐन दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम 35 अंशांवर असतो, सपाट जमिनीवर सावली उंचीच्या सुमारे 1.4 पट पडते. माणसाची सावली त्याच्याहून आखूड असेल तर तो डिसेंबर नव्हे.

फलक छापायला शुक्रवारी टाकायचे म्हणतेस. टाकू नकोस. अकराही प्रिंटांच्या दोन्ही बाजू 600 डीपीआयला, टिफमध्ये, कडेला पट्टी ठेवून स्कॅन कर. कडा कापू नकोस, काँट्रास्ट वाढवू नकोस. आणि मला आधी पाठी पाठव.