सांगाड्याच्या सायकिकला बरे कोण करणार?

प्रश्न : आमचा पाच जणांचा गट ‘पाथफाइंडर’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलपासून, म्हणजे प्रगतीच्या पहिल्या पायरीपासून, नवी मोहीम सुरू करत आहे. मला सांगाडा हा वंश घेऊन सायकिक (मनाच्या शक्तीने जादू करणारा) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, खेळायचा आहे. गटात एक क्लेरिक, म्हणजे देवतेच्या शक्तीने जादू करणारा पुरोहित, आहे, बाकीचे तिघे शस्त्रांनी लढणारे आहेत. मित्रांचे म्हणणे असे की अनडेडच्या, म्हणजे मेल्यावरही वावरणाऱ्यांच्या, मनावर कोणाचाही प्रभाव पडत नाही, त्यामुळे सायकिकसाठी याहून चांगली निवड नाही. हे खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे एके काळी खरे होते. पाथफाइंडर ज्यातून निघाला त्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २००३ सालच्या ३.५ आवृत्तीत मनावर परिणाम करणारा कोणताही प्रयोग अनडेडवर चालत नसे. मात्र त्याची किंमतही जबर होती. लिच, म्हणजे अनडेड जादूगार, व्हायचे तर चार लेव्हलवर पाणी सोडावे लागे. पाथफाइंडरने २०२२ मध्ये ‘बुक ऑफ द डेड’ या नियमपुस्तकातून खेळाडूंना अनडेड पात्रे खुली करून दिली, तेव्हा लाभ आणि किंमत या दोन्हींना कात्री लावली. आता सांगाडा एकही लेव्हल न गमावता खेळता येतो, पण त्याच्या मनाला कवच मिळत नाही. मनावरच्या प्रयोगांपासून सुटका आहे ती ज्यांना मनच नाही अशा प्राण्यांना. आपल्या पात्राला मन आहे, म्हणून भीती घालणारा स्पेल (मंत्र) त्याला जिवंत माणसाइतकाच लागतो.

मग मिळते काय, तर अंधुक उजेडात दिसण्याची क्षमता, विष आणि रोग यांविरुद्ध थोडे संरक्षण आणि व्हॉइड हीलिंग, म्हणजे जिवंतांना मारणारी ऊर्जा आपल्याला बरे करते आणि त्यांना बरे करणारी ऊर्जा आपल्याला जाळते. या देवघेवीचे सगळे गणित या शेवटच्या गोष्टीवर उभे आहे. सायकिकच्या बाबतीत ते अधिक बिकट होते, म्हणून त्याकडे जरा बारकाईने पाहू.

सायकिकला लेव्हलमागे सहाच हिट पॉइंट (जखमा सोसण्याचे गुण) मिळतात आणि सांगाड्याच्या वंशाकडूनही सुरुवातीला एकदाच सहा येतात. कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या चिवटपणाचा) लेव्हलमागे +१ धरला, तर तिसऱ्या लेव्हलला आपल्या पात्राचे २७ हिट पॉइंट होतील. समजा, लढाईत सगळे जखमी झाले आहेत आणि क्लेरिकने दुसऱ्या रँकचा (ताकदीच्या पायरीचा) हील हा बरे करणारा स्पेल तिन्ही अ‍ॅक्शन खर्चून टाकला. तीस फुटांच्या परिसरातल्या प्रत्येक जिवंत साथीदाराला सरासरी नऊ पॉइंट परत मिळतील आणि त्याच परिसरात उभ्या असलेल्या आपल्या सांगाड्याचे, फॉर्टिट्यूडचा (शरीराने तग धरण्याचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, चुकला तर, नऊ पॉइंट जातील. फॉर्टिट्यूड ही सायकिकची बळकट बाजू नव्हे. परिणामी एक तर क्लेरिक हा स्पेल टाकायचेच टाळेल, किंवा प्रत्येक वेळी आपण कुठे उभे आहात हे पाहून टाकेल. दोन्ही प्रकारांत आपल्या निवडीची किंमत बाकीचे चौघे मोजत असतात, आणि माझ्या मते मोहीम सुरू होण्यापूर्वी गटाने मोकळेपणाने बोलावे असा खरा मुद्दा हाच आहे.

लढाई संपल्यावरही अडचण उरते. हीलिंग पोशन अनडेडच्या उपयोगाचे नाही, आणि जखमांवर उपचार करण्याची नेहमीची क्रिया, ट्रीट वूंड्स, केवळ जिवंतांवर चालते. गटातल्या कोणी स्टिच फ्लेश हे फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) घेतले, तरच ती सांगाड्याला लागू होते. सायकिक ऑकल्ट (गूढविद्येच्या) यादीतले स्पेल टाकतो. त्या यादीतला सूद हा बरे करणारा स्पेल जिवंतांसाठी आहे आणि अनडेडला बरे करणारा हार्म त्या यादीत नाही, म्हणजे स्वतःचे स्वतः निभावण्याचा सोपा रस्ताही बंद. शून्यावर गेल्यावर आपले पात्र लगेच नष्ट होत नाही, इतरांप्रमाणेच मरणासन्न होते, ही सवलत मोठी आहे. पण त्या अवस्थेत स्टॅबिलाइझसारखा साधा उपायही त्याला लागू पडत नाही.

क्लासची स्वतःची बंधनेही आहेत. सायकिकला प्रत्येक रँकचे दोनच स्लॉट (दिवसभरात स्पेल टाकण्याच्या संधी) मिळतात, सॉर्सरर या दुसऱ्या जादूगार क्लासला चार. ही तूट भरून निघते ती अ‍ॅम्प करता (वाढीव जोराने टाकता) येणाऱ्या कॅन्ट्रिपमुळे, म्हणजे पुन्हापुन्हा टाकता येणाऱ्या साध्या स्पेलमुळे, आणि सायकी (मनाची दडलेली शक्ती) मोकळी सोडण्याच्या क्षमतेमुळे. सायकी मोकळी असताना थेट इजा करणाऱ्या स्पेलमध्ये त्याच्या रँकच्या दुप्पट भर पडते. मात्र ती ओसरली की पात्र काही काळ स्टुपिफाइड (गोंधळलेले) होते आणि त्या काळातला प्रत्येक स्पेल फसण्याची टांगती तलवार राहते. अनडेड असल्याने यात तसूभरही सूट मिळत नाही. त्यामुळे मागे राहून लढणे आपल्याला दुहेरी गरजेचे आहे, आणि कॉन्शस माइंड, म्हणजे सायकिकची उपशाखा, निवडताना मी डिस्टंट ग्रास्पकडे झुकेन. त्यातला टेलिकायनेटिक प्रोजेक्टाइल हा कॅन्ट्रिप दुरून ठोस वस्तू फेकतो, अ‍ॅम्प केल्यास शत्रूला मागे ढकलतो आणि मनहीन शत्रूंवरही चालतो. सायलेंट व्हिस्पर या दुसऱ्या उपशाखेचा मनावर घाव घालणारा डेझ मात्र नेमका मनहीन सांगाड्यांपुढे आणि झॉम्बींपुढे निकामी ठरतो, आणि अनडेड नायकाच्या कथेत असेच शत्रू वारंवार भेटण्याची शक्यता असते. सांगाड्याला इंटेलिजन्समध्ये उणे आणि करिष्म्यात अधिक मिळते, म्हणून सबकॉन्शस माइंड (जादू कोणत्या गुणावर चालेल ते ठरवणारी सायकिकची दुसरी निवड) करिष्म्यावर चालणारे घ्यावे. इमोशनल अ‍ॅक्सेप्टन्स किंवा वाँडरिंग रेव्हरी. बुद्धीवर चालणारे पात्रच हवे असेल, तर वंशाचे ठरलेले गुण सोडून दोन गुण आपल्या पसंतीने वाढवण्याचा पर्याय नियमांत आहे.

आपल्याला सांगाड्याचे रूपच हवे आहे की मृत्यूची सावली असलेले पात्र हवे आहे, हे कृपया एकदा ठरवा. दुसरी गोष्ट पुरेशी असेल, तर धाम्पिर (व्हॅम्पायरचा जिवंत वंशज) हा वारसा पाहावा. त्यालाही व्हॉइड हीलिंग असते, म्हणून क्लेरिकच्या हीलचा प्रश्न सुटत नाही. पण धाम्पिर जिवंत असतो, त्यामुळे ट्रीट वूंड्स त्याला चालते आणि सूद तो स्वतःच स्वतःवर टाकू शकतो. आपल्यासारख्या, एकाच क्लेरिकवर विसंबलेल्या गटात हा फरक पहिल्या सत्रापासून जाणवेल.

सांगाडाच घ्यायचा असेल, तर क्लेरिकच्या खेळाडूला त्याच्या देवतेच्या नियमांत बसत असल्यास रोज एक-दोन हार्म तयार ठेवण्याची विनंती करा, अनडेडला बरे करणारे ऑइल ऑफ अनलाइफ जवळ बाळगा आणि स्टिच फ्लेश कोण घेणार ते आधीच ठरवून घ्या. तो क्लेरिक फरास्मा देवीचा असेल, तर नियमांच्याही आधी कथेत अडचण येईल, कारण तिचा पंथ अनडेडचे अस्तित्वच अमान्य करतो. उलट कथा गेबच्या राज्यात घडणार असेल, तर तिथे अनडेड हे नागरिक आहेत आणि आपले पात्र घरच्यासारखे वावरेल.

प्रश्न : माझा सहाव्या लेव्हलचा सायकिक गेल्या सत्रात मेला. गेममास्टर (कथा चालवणारे) त्याला व्हॅम्पायर किंवा घूल (प्रेतभक्षक अनडेड) म्हणून परत आणायला तयार आहेत. स्वीकारावे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : कथेच्या दृष्टीने ही संधी सुंदर आहे, पण ती क्लास फीट खर्चून मिळते. व्हॅम्पायर किंवा घूल होणे म्हणजे आर्किटाइप (क्लासच्या जोडीला घ्यायचा फीटचा संच) घेणे. त्याचे डेडिकेशन, म्हणजे पहिले फीट, घेतल्यावर, दुसऱ्या कोणत्याही आर्किटाइपकडे वळण्यापूर्वी त्यातलीच आणखी दोन फीट घ्यावी लागतात. सहाव्या लेव्हलपर्यंत आपल्याकडे मोजकीच क्लास फीट जमली असतील. त्यांतले एक बदलून डेडिकेशन घेतले, तर सायकिकची धार तेवढी बोथट होईल. म्हणून गेममास्टरांना फ्री आर्किटाइप हा पर्यायी नियम लागू करण्याची विनंती करावी. त्यात प्रत्येक सम लेव्हलला आर्किटाइपसाठी वेगळे फीट मिळते आणि क्लासच्या फीटना हात लावावा लागत नाही. ते मान्य झाले, तर अवश्य स्वीकारा. न झाल्यास पात्राला जिवंत परत आणण्याचा विधी करणे मला अधिक हिताचे वाटते. आपली अंतिम इच्छा लिच होण्याची असेल, तर तो मार्ग बाराव्या लेव्हलला उघडतो, तोवर मधले आर्किटाइप घेण्याची घाई करू नये.