व्हँकुव्हरला व्हीएफएक्स प्रॉडक्शनमध्ये यायचंय, तर आधी हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुंबईत वेब सिरीजच्या व्हीएफएक्सवर (म्हणजे कॉम्प्युटरवर तयार होणाऱ्या दृश्यांच्या कामावर) कोऑर्डिनेटर म्हणून पाच-सहा वर्षं झाली, आता व्हँकुव्हरला यायचंय, आणि धाकधूक ही वाटतेय की डिरेक्टरला जे हवं असतं आणि टेक्निकल टीमला जे जमणार असतं त्याचा मेळ घालायचं काम तिकडे आपल्याला झेपेल का, की तिथलं सगळंच वेगळं असतं. ताई म्हणून लिहिलंयस म्हणून अरेतुरे करते. मी इथे कोऑर्डिनेटर म्हणूनच आले, आता प्रॉडक्शन मॅनेजर आहे, त्यामुळे जे रोज बघते तेच सांगते.

काम झेपेल, कारण काम तेच आहे. टर्नओव्हर (एडिटकडून शॉट ताब्यात घेणं), बिड (शॉटच्या खर्चाचा आणि दिवसांचा अंदाज), डेलीज (रोजचं काम एकत्र बसून बघणं), नोट्स (बदलाच्या सूचना), व्हर्जन्स, क्लायंट रिव्ह्यू, सगळं तू करतोच आहेस, सॉफ्टवेअरही बहुतेक तीच. फरक एका ठिकाणी आहे आणि तो नीट समजून घे. आपल्याकडे डिरेक्टरची मागणी आणि टीमची ताकद यात जी फट उरते ती आपण माणसांच्या रात्रींनी भरून काढतो, कोणी हिशोब मागत नाही, सकाळी शॉट गेला म्हणजे झालं. इथे त्या रात्रीला किंमत लावलेली असते. ब्रिटिश कोलंबियाच्या (बीसी, व्हँकुव्हर आहे तो कॅनडाचा प्रांत) कायद्यात दिवसाच्या ८ तासांनंतर दीडपट आणि १२ तासांनंतर दुप्पट पगार आहे, आणि स्टुडिओ ओव्हरटाइम देत असेल तर तो आधी मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणजे प्रोड्युसरच्या टेबलावर आकडा जातो. त्यामुळे ती फट लपत नाही, मीटिंगमध्येच मिटवावी लागते आणि ती मिटवणं हाच तुझा पगार आहे. (क्रंच, म्हणजे डिलिव्हरीआधीची जादा तासांची धावपळ, इथेही असतो, अजिबात नसतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. आणि याच कायद्यात मॅनेजर आणि हाय-टेक प्रोफेशनल ओव्हरटाइमच्या नियमांतून वगळलेले आहेत, म्हणून सही करायच्या आधी तुझ्या पदाला ओव्हरटाइम आहे की नाही हे लेखी विचार.)

आता मेळ घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका शॉटवरून सांगते. समुद्राचा शॉट आहे, पाच सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशोबाने १२० फ्रेम्स. गुरुवारी संध्याकाळी क्लायंटकडून नोट येते, लाट अजून उंच हवी, आणि शॉट सोमवारी द्यायचाय. नवीन कोऑर्डिनेटर काय करतो, तर नोट टाकतो, एफएक्स आर्टिस्टला (पाणी, धूर असले इफेक्ट करणाऱ्याला) टॅग करतो आणि रेंडर फार्मवर (फ्रेम्स काढणाऱ्या मशीन्सच्या ताफ्यावर) प्रायॉरिटी वाढवून मागतो. पण इथे रेंडर (प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र काढणं) आणि सिम्युलेशन किंवा सिम (पाणी कसं हलेल याची गणना) यातला फरक माहीत नसेल तर सगळं शेड्यूल कोसळतं. रेंडर वाटून देता येतं, एका फ्रेमला ५ तास लागत असतील तर ६० मशीनवर ते १० तासांत होईल आणि १२० मशीनवर ५ तासांत. सिमचं तसं नाही, ८० व्या फ्रेमचं पाणी कुठे असेल हे ७९ व्या फ्रेमवरून ठरतं, म्हणून ते एकामागून एकच निघतं, तू आख्खा फार्म दिलास तरी फारसा फरक पडत नाही. पाण्याची उंची बदलायची म्हणजे सिम पुन्हा, मग फेस आणि तुषार पुन्हा, मग लायटिंग, मग कॉम्प (सगळे थर एका चित्रात जोडणं). हे तुला करता यायची गरज नाही, पण कुठली गोष्ट पैसे टाकून वेगात होते आणि कुठली होत नाही एवढं प्रत्येक डिपार्टमेंटबद्दल कळलंच पाहिजे. तसंच डिलिव्हरी एचडीवरून यूएचडी (४के) झाली तर पिक्सेल चौपट होतात, दुप्पट नाही, आणि मधेच कोणीतरी मेलमध्ये सहज लिहून टाकतं की आता यूएचडी द्या, तेव्हा त्याच मिनिटाला हात वर करायचा असतो.

मग त्या नोटचं काय करायचं? आधी व्हीएफएक्स सुपरवायझरकडे जायचं आणि विचारायचं की डिरेक्टरला लाट उंच का हवीये. बऱ्याचदा उत्तर असं मिळतं की नायिका पुरेशी संकटात वाटत नाहीये. हे कळलं की रस्ते उघडतात. फ्रेम थोडी क्रॉप करून लाट जवळ आणता येते, कॉम्पमध्ये थोडी ताणता येते, पुढे तुषारांचा जादा थर टाकता येतो, हे सगळं शुक्रवारी दुपारपर्यंत होऊ शकतं. दुसरा पर्याय, कमी रिझोल्यूशनचं सिम रात्रीतून काढून शुक्रवारी फक्त आकार दाखवायचा आणि तो पसंत पडला तरच मोठं सिम लावायचं, पण मग सोमवार हुकतो. तिसरा, सरळ मोठं सिम, शनिवार-रविवारचा ओव्हरटाइम आणि दुसऱ्या कुठल्यातरी शॉटची फार्मवरची जागा. हे तिन्ही पर्याय तारीख आणि खर्चासकट प्रोड्युसरपुढे ठेवायचे, सुपरवायझरचं मत सोबत द्यायचं. आणि मग गप्प बसायचं. निर्णय त्यांचा. तू मधे पडून स्वतःच्या मनाने स्वस्त पर्याय निवडलास तर क्रिएटिव्ह लोकांचा तुझ्यावरचा विश्वास गेला, आणि करून टाकू म्हणून तिसरा पर्याय परस्पर स्वीकारलास तर आर्टिस्टचा गेला. ही दोन्ही माणसं पुढचे कित्येक महिने तुझ्यासोबत असणार आहेत.

नोट लिहिताना एक सवय आत्ताच लाव. डिरेक्टर जे बोलला ते शब्दाला शब्द वेगळं लिही आणि सुपरवायझरने त्याचा काय अर्थ काढला ते खाली वेगळं लिही. दोन्ही एकत्र केलं की तीन व्हर्जननंतर नक्की काय मागितलं होतं हे कोणालाच आठवत नाही, आणि सगळे तुझ्याकडे बघतात.

आणि हो, मेळ घालणं म्हणजे दरवेळी टेक्निकल बाजू घेऊन डिरेक्टरला आवर घालणं नाही, हे मला फार मनापासून सांगायचंय. आपण प्रॉडक्शनवाले हळूहळू नुसते राखणदार होऊन बसतो. टेक्निकल लोकही सावधपणे नाही म्हणतात, त्यांना मागच्या शोचे चटके आठवत असतात. तिथे हे होईल का असं विचारलंस तर नाही हेच उत्तर मिळणार, काय दिलं तर होईल असं विचार, मग खरी अडचण बाहेर येते, कधी एक जादा मशीन हवं असतं, कधी चार दिवस कोणी त्रास देऊ नये एवढंच हवं असतं. शो सुरू होतानाच सुपरवायझरसोबत बसून ठरव की गोष्ट कुठल्या शॉट्सवर उभी आहे. समजा ३०० पैकी २० असतील. राखीव दिवस त्यांच्यासाठी ठेव, त्यांच्यावर प्रयोग होऊ देत, व्हर्जन्स वाढू देत. बाकीच्या मागच्या वायर काढायच्या आणि खिडकीबाहेर इमारती लावायच्या शॉट्सवर मात्र कडक राहा, दोन फेऱ्यांत संपव. सगळ्या शॉट्सना सारखी माया लावली की चांगल्या शॉट्सची वेळ फालतू शॉट्स खाऊन टाकतात. बदल बिडच्या बाहेर गेला की चेंज ऑर्डर (जादा कामाची लेखी मंजुरी), तीही त्याच दिवशी, महिनाअखेरीला आठवून नाही.

दुसरी बाजू, म्हणजे येण्याची. सेटवरचं प्रॉडक्शन मॅनेजमेंट इथे युनियनचं आहे. प्रॉडक्शन मॅनेजर, असिस्टंट डिरेक्टर आणि लोकेशनवाले डिरेक्टर्स गिल्ड ऑफ कॅनडाच्या बीसी शाखेत येतात, सेटवरचे बहुतेक तंत्रज्ञ आयएट्सी या युनियनच्या ८९१ शाखेत, कॅमेरावाले ६६९ शाखेत, गाड्या टीमस्टर्स युनियनकडे. मुंबईचा अनुभव घेऊन त्यात थेट त्याच पदावर शिरता येत नाही, खालून यावं लागतं. व्हीएफएक्समध्ये बहुतेक ठिकाणी ही भिंत नाही, म्हणून तुझ्यासाठी तोच दरवाजा बरा.

कागदपत्रांचं लक्ष देऊन वाच. इथली इंडस्ट्री उभी आहे दोन गोष्टींवर, लॉस एंजेलिसची आणि इथली घड्याळाची वेळ जवळपास एकच आहे आणि सरकार कंपनीला लेबरवर, म्हणजे पगारांच्या खर्चावर, टॅक्स क्रेडिट देतं. बीसीचं मूळ क्रेडिट २८% होतं, १ जानेवारी २०२५ पासून शूटिंग सुरू झालेल्या प्रॉडक्शन्ससाठी ते ३६% केलंय, व्हीएफएक्स आणि अ‍ॅनिमेशनच्या लेबरवर वर १६% वेगळं, शिवाय केंद्राचं १६%. पण बीसीचं क्रेडिट बीसीत राहणाऱ्या माणसाच्या पगारावर मिळतं आणि त्यासाठी आधीच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तू इथे राहत होतास का हे पाहिलं जातं. म्हणजे जानेवारीत उतरलेला माणूस कंपनीला डिसेंबरात उतरलेल्यापेक्षा महाग पडू शकतो. नोकरीच्या जाहिरातीत ही अट दिसली तर घाबरू नकोस, अर्थ एवढाच आहे. तारीख तुझ्या हातात असेल तर डिसेंबर संपायच्या आत येऊन घर भाड्याने घे, करारनामा जपून ठेव.

व्हिसाबद्दल, फिल्म प्रॉडक्शनचा डिप्लोमा करून इथे थांबू हा विचार आता सोड. १ नोव्हेंबर २०२४ पासून डिप्लोमावाल्यांना पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटसाठी (शिकून झाल्यावर इथे काम करायच्या परवान्यासाठी) ठराविक विषयांची यादी लागू झालीये आणि फिल्म प्रॉडक्शन त्या यादीत नाही, खासगी फिल्म स्कूलच्या कोर्सवर तर बहुतेक आधीपासूनच मिळत नव्हतं. एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवर कायम राहायची परवानगी देणारी योजना) जॉब ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. ग्लोबल टॅलेंट स्ट्रीममध्ये (लवकर वर्क परमिट मिळायची योजना) व्हीएफएक्स आणि गेमिंगचे प्रोड्युसर, प्रोजेक्ट मॅनेजर आहेत, पण तो अर्ज कंपनीने करायचा असतो. म्हणून माझ्या मते सगळ्यात सरळ रस्ता मुंबईतूनच जातो. डीएनईजी, आयएलएम या व्हीएफएक्स कंपन्यांची मुंबईतही ऑफिसं आहेत आणि व्हँकुव्हरलाही, तिथे आत जा, इकडच्या टीमसोबत वाटून केलेल्या शोवर काम कर (उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, तुझी संध्याकाळ ती इथली सकाळ), तुझ्या नोट्स आणि तुझे मेल इथल्या प्रोड्युसरला आवडले की बदली मागायला तोंड राहतं. आताच्या अनुभवाचं पत्र घेशील त्यात पदनाम आणि कामं नीट लिहून घे, नुसतं कोऑर्डिनेशन असं लिहून दिलेलं चालत नाही.

काळ मात्र सोपा नाहीये. २०२३ मध्ये मे महिन्यात हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला, जुलैत नटांचा, तो ९ नोव्हेंबरला मिटला, आणि त्यानंतर काम पूर्वीसारखं परत आलेलं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलरसारखा जुना व्हीएफएक्स ग्रुप कोसळला, बंगळुरूतली आपली कितीतरी मुलं एका झटक्यात घरी बसली. शो-टू-शो कॉन्ट्रॅक्ट असतं, वर्क परमिट एकाच कंपनीशी बांधलेलं असलं तर शो संपल्यावर पंचाईत होते, त्यामुळे सहा महिन्यांचं भाडं आणि किराणा भागेल एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय निघू नकोस, घरी आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांचंही धर. पगाराचा अंदाज घ्यायला कोणाला विचारायची गरज नाही, नोव्हेंबर २०२३ पासून बीसीत जाहिरातीतच पगाराची रेंज छापावी लागते, दहा-बारा जाहिराती उघडून बघ.

इंटरव्ह्यूला एक प्रश्न जवळपास नक्की येतो, डिलिव्हरीला दोन दिवस उरलेत आणि सुपरवायझर शॉट बदलायचा म्हणतोय, तू काय करशील. रात्रभर बसून टीमकडून करून घेईन असं उत्तर देऊ नकोस, आपल्याकडे ते निष्ठेचं वाटतं, इथे ऐकणाऱ्याला वाटतं की याला शेड्यूल लावता येत नाही. लाटेच्या शॉटसारखं सांग, आधी का ते विचारेन, मग कुठल्या डिपार्टमेंटपासून काम मागे जातंय ते बघेन, दोन-तीन पर्याय तारखांसकट प्रोड्युसरकडे नेईन. आणि तुझ्या स्वतःच्या शोमधलं असं एखादं उदाहरण तयार ठेव, शोचं नाव एनडीएमुळे (गुप्ततेच्या करारामुळे) घेता येत नसेल तर नको घेऊस, शॉट किती होते, टीम केवढी होती आणि शेवटी कोणता पर्याय कोणी निवडला एवढं सांगता आलं तरी पुरतं.