छंदातलं सुतारकाम आणि पहिली ऑर्डर

प्रश्न : मी साताऱ्यात एका खासगी कारखान्यात नोकरी करतो. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये लाकूडकाम करतो. देव्हारा, चौरंग, पुस्तकांचं कपाट असं बरंच करून नातेवाइकांना दिलं. आता शेजाऱ्यांनी पाच फूट बाय तीन फुटांचं सागवानी जेवणाचं टेबल मागितलंय. लाकडाच्या दुप्पट किंमत सांगावी असं मित्र म्हणतात. ते बरोबर आहे का? आणि नोकरी सोडून यातच पडावं का?

उत्तर : दुप्पटीचा हिशेब मला अजिबात पटत नाही. चौरंगाला लाकूड थोडं आणि कष्ट फार, टेबलाला उलट. लाकडाचा आणि तुमच्या वेळेचा हिशेब वेगवेगळा मांडा.

वखारीत सागवान घनफुटावर मिळतं. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ने भागायचं. सव्वा इंची फळ्यांचा माथा साधारण दीड घनफूट, पाय आणि खालची चौकट मिळून एक-सव्वा. त्यात बाहेरचा पांढरा भाग, गाठी, चिरा आणि रंध्याखाली जाणारं धरलं की साडेतीन घनफूट विकत घ्यावं लागेल. भाव प्रतीप्रमाणे बदलतो. तुमच्या वखारीत ४,००० रुपये आहे असं धरू. लाकडाचे झाले १४,०००. पॉलिश, पॉलिशपेपर, फेविकॉल, स्क्रू २,५००. तुमचे ५० तास, तासाला २५० प्रमाणे १२,५००. एकूण २९,०००. त्यावर वीज, पात्यांची धार, हत्यारांची झीज यांचे १५ टक्के धरा. ३३,००० च्या खाली उतरू नका, टेम्पोभाडं वेगळं.

शेजारी दुकानातलं स्वस्त टेबल दाखवतील. तेव्हा मजुरी कापू नका, लाकूड बदला. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान शोधा. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं आणि त्याचा रंग मला नव्यापेक्षा देखणा वाटतो. फक्त रंधा लावण्याआधी प्रत्येक तुळईवरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा पात्याची धार घालवतो.

नवं लाकूड घेतलंत तर फळ्या आणल्या आणि लगेच कापल्या, असं करू नका. मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून काही आठवडे घरात ठेवा. ओलावा मोजायचं मीटर जरूर घ्या आणि तो १२ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय करवत लावू नका. माथा चौकटीला घट्ट आवळणं ही नवख्यांच्या कामात मला सर्रास दिसणारी गोष्ट. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जागा मिळाली नाही की मे महिन्यात माथ्याला चीर जाते. म्हणून चौकटीतली स्क्रूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट पाडा. गिऱ्हाइकाला हे कधी दिसणार नाही, पण घरची माणसं पुढची कित्येक वर्षं त्या टेबलावर नीट जेवतील ती यामुळेच.

नोकरी आत्ता सोडू नका. वर्षभर शनिवार-रविवारच्या ऑर्डरी घ्या, प्रत्येक कामाचे तास वहीत लिहा. प्लायवूडच्या वॉर्डरोबच्या आणि किचन ट्रॉलीच्या मागे लागू नका. तिथे माणसं हाताशी असलेल्या कंत्राटदाराशी तुमची बरोबरी होणार नाही. टेबल, झोपाळा, देव्हारा यांत तुमचा हात दिसेल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे, ती करून टाका. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल, तर वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.

शेजारी आहेत म्हणून तोंडी व्यवहार नको. मापासकट चित्र, लाकडाची जात, पॉलिशचा नमुना आणि तारीख कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. निम्मी रक्कम आधी घ्या आणि ती हातात आली की मगच वखारीत जा.