मालीश करा, पण मान तपासून घ्या

मालीशवाल्या बाई असं म्हणाल्या, शेजारच्या काकू तसं म्हणाल्या. बाळाच्या मालीशबद्दलची पत्रं बहुधा अशीच सुरू होतात आणि गोंधळही तोच असतो. म्हणून एकत्र उत्तरं देते.

बाळ दीड महिन्याचं आहे. मोहरीचं तेल लावू की खोबरेल?

खोबरेल. अंगावर पुरळ असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तेल घातलं नाही तर टाळू भरत नाही का?

भरते. हाडं वाढतात तशी साधारण दीड वर्षापर्यंत ती आपोआप भरते. वरून हलकं तेल लावा, दाबू नका. नाकाकानात तेल अजिबात नको. बाळ शांत असताना टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑनलाइन मिळणारं ‘बुद्धिवर्धक’ मालीश तेल घ्यावं का?

नको. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर साधारण 12 सेंटिमीटरने वाढतो. ती वाढ दूध, झोप, तुमचा स्पर्श आणि तुमचं बोलणं यांवर होते. चोळताना बाळाशी बोला. त्याचे पैसे पडत नाहीत.

बाळ वीस दिवसांचं आहे. रात्री नीट झोपत नाही. जायफळ उगाळून देऊ? राईची उशी आणली आहे.

जायफळ नको, गुटी नको आणि वर्षभर मध तर नकोच. सहा महिने फक्त आईचं दूध. उशी काढून टाका. बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा. या वयात ते दर दोन-तीन तासांनी उठणारच. वजन वाढत नसेल तर भेटा.

बाळ पाच महिन्यांचं झालं, मान धरत नाही. बाई म्हणतात, हाडं कच्ची आहेत, दोन वेळा मालीश करू. याच्या बाबांनीही उशिराच धरली होती.

या आठवड्यातच दाखवा. बहुतेक बाळं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरतात आणि ते काम मेंदूचं व स्नायूंचं आहे, हाडांचं नव्हे. कितीही तेल जिरवलं तरी मेंदूतला अडथळा दूर होत नाही. ‘बाबांनीही उशिरा धरली’ या एका वाक्यावर घरोघरी महिने निघून जातात आणि बाळ वर्षाचं झाल्यावर माझ्यासमोर येतं. त्या आईचा चेहरा मला बघवत नाही. मान न धरण्यामागे जन्मतः थायरॉइड कमी असणं हेही कारण असू शकतं. तसं असेल तर गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी. उशीर झाला की बुद्धीचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. जन्मल्यावर बाळ उशिरा रडलं होतं का, कावीळ फार वाढली होती का, ते डॉक्टरांना आठवून सांगा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर तेवढे आठवडे वजा करून वय धरतात, पण तो हिशेब घरी करू नका. बाळ आवाजाकडे वळतं का, नजरेला नजर देतं का, हेही तपासून घ्या. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तिथे तपासणी आणि व्यायामोपचार मोफत होतात. मालीश चालू ठेवा, हलक्या हाताने. मान, हातपाय ओढायला मात्र बाईंना स्पष्ट मनाई करा.

लस दिलेल्या दिवशी मालीश करावं का?

टोचलेल्या मांडीला हात लावू नका. ताप असेल तर त्या दिवशी मालीश राहू द्या आणि डॉक्टरांना फोन करा.